ॲड्रिनलची साधी गाठ: थांबायचं, गोळ्या घ्यायच्या की काढायची?

मुतखड्याची शंका म्हणून सीटी स्कॅन होतो. खडा सापडतो, पडूनही जातो. पण रिपोर्टच्या शेवटी एक ओळ उरते: डाव्या ॲड्रिनल ग्रंथीत २.२ सेंटिमीटरची गाठ, पुढील तपासणी करावी. ही ओळ वाचून घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, गाठ आहे ना, मग काढून टाका, भानगड नको. दुसरा म्हणतो, दुखत नाही ना, मग कशाला हात लावायचा. दोघांचंही लक्ष गाठीच्या आकाराकडे आणि दुखण्याकडे असतं. गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या संशोधनाने मात्र या दोन्ही गोष्टींचं वजन कमी केलं आहे. गाठ कोणता हार्मोन सोडते आणि स्कॅनवर तिची घनता किती दिसते, निर्णय आता या दोन उत्तरांवर होतो. ती दुखते की नाही हे जवळजवळ कुणी विचारत नाही. आकार विचारतात, पण नंतर.

ॲड्रिनल म्हणजे अधिवृक्क ग्रंथी. दोन्ही किडन्यांच्या डोक्यावर एकेक बसलेली, वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. बाहेरच्या थरात कॉर्टिसॉल (शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड) आणि अल्डोस्टेरॉन तयार होतात, आतल्या गाभ्यात ॲड्रेनॅलिन आणि त्याची भावंडं. या ग्रंथीत साध्या गाठी होणं फार सामान्य आहे. चीनमधल्या चोंगचिंग शहरात २५ हजारांहून अधिक प्रौढांचे स्कॅन तपासले, तेव्हा १.४ टक्के लोकांत ॲड्रिनलची गाठ निघाली. वय वाढतं तसं प्रमाण वाढतं. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या एका जिल्ह्याच्या नोंदींमध्ये १९९५ ते २०१७ या काळात अशा गाठींचं निदान दहापटीने वाढलेलं दिसलं. त्यामागचं सर्वांत मोठं कारण म्हणजे स्कॅन वाढले. नाशिकमध्येही पूर्वी सीटी म्हटलं की लोक दचकायचे. आता कॉलेज रोडपासून द्वारकेपर्यंत सेंटरं आहेत, पोट दुखलं तरी सीटी होतो आणि गाठी सापडत जातात.

आधी घनता, मग हार्मोन

साध्या सीटीवर, म्हणजे शिरेतून औषध न देता काढलेल्या सीटीवर, गाठीची घनता हाऊन्सफिल्ड युनिटमध्ये मोजतात. पाणी शून्य, चरबी उणे १००च्या आसपास. ॲड्रिनलच्या साध्या गाठीत, जिला ॲडिनोमा म्हणतात, बहुधा चरबी भरलेली असते, म्हणून आकडा कमी येतो. युरोपातल्या तज्ज्ञांच्या २०२३च्या मार्गदर्शक सूचना इथे अगदी स्पष्ट आहेत. गाठ एकसारखी दिसत असेल आणि घनता १० किंवा त्याहून कमी असेल, तर ती साधी आहे. आकार कितीही असो, पुन्हा स्कॅनची गरज नाही. ११ ते २० आणि चार सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर लगेच आणखी एक वेगळी तपासणी किंवा वर्षभराने स्कॅन. २०च्या वर असेल, किंवा चार सेंटिमीटर वा मोठी असून घनताही जास्त असेल, किंवा आतून ठिकठिकाणी वेगवेगळी दिसत असेल, तर एकट्या डॉक्टरने ठरवू नये. सर्जन, हार्मोनतज्ज्ञ आणि रेडिओलॉजिस्ट यांनी एकत्र बसावं.

म्हणून रिपोर्ट हातात आला की आधी हा आकडा शोधा. बऱ्याचदा तो लिहिलेलाच नसतो. सेंटरवर परत जाऊन सांगा, 'सर, गाठीची प्लेन सीटीवरची घनता लिहून द्या.' प्लेन स्कॅन झालेला असेल तर आकडा त्या फायलीत असतोच, रेडिओलॉजिस्ट पाच मिनिटांत मोजून देतात. या एका आकड्याने निम्मी काळजी मिटते, तरी लोक तो विचारत नाहीत, थेट 'ऑपरेशनला किती खर्च येईल' विचारतात. सोनोग्राफीवरून मात्र या गाठीबद्दल काही ठरवू नका, तिला ते जमत नाही.

दोन्ही बाजूंच्या ग्रंथी मोठ्या झालेल्या असतील, वजन उतरत असेल, त्वचा काळवंडत असेल, बीपी खाली राहत असेल, तर आपल्याकडे टीबी आधी आठवायला हवा. हिस्टोप्लाझ्मोसिस हा बुरशीचा आजारही हेच करतो. तिथे प्रश्न गाठ काढण्याचा नसतोच. उलट ग्रंथी कमी पडत असते आणि तातडीने स्टिरॉइड द्यावं लागतं.

गप्प बसलेली गाठ: थांबणं विरुद्ध काढणं

इथे तुलना फार वेळ चालत नाही. हार्मोन न सोडणाऱ्या किंवा थोडंसंच कॉर्टिसॉल सोडणाऱ्या, साध्या दिसणाऱ्या गाठींच्या ४,१२१ रुग्णांचे ३२ अभ्यास एकत्र करून २०१९ साली एक आढावा आला. सरासरी साडेचार वर्षांत गाठी दोन मिलिमीटरने वाढल्या. एक सेंटिमीटर किंवा अधिक वाढ फक्त अडीच टक्के लोकांत झाली. कॅन्सर एकाही साध्या गाठीचा झाला नाही. 'आज साधी आहे, उद्या कॅन्सर होईल' या भीतीला त्या आकड्यांत आधार नाही.

म्हणून घनता १०च्या आत आणि हार्मोन स्वच्छ असतील, तर काढण्याच्या बाजूने मला एकही सबळ कारण दिसत नाही. दरवर्षी स्कॅनही नको. फुकटचा किरणोत्सर्ग आणि फुकटचा खर्च. बीपी नव्याने वाढलं, साखर आली, हाडं ठिसूळ निघाली, तर हार्मोन पुन्हा तपासायचे. चरबीने भरलेली मायलोलिपोमा नावाची गाठ तर स्कॅनवर लगेच ओळखू येते. फार मोठी होऊन दाबत नसेल तर तिचं नाव घेऊन झोप मोडायचं कारण नाही.

कॉर्टिसॉल थोडंसं जास्त: खरी अडचण इथे

गाठ कॉर्टिसॉल सोडते की नाही, हे बघायला रात्री अकराच्या सुमारास एक मिलिग्रॅम डेक्सामेथासोन घेतात आणि सकाळी आठ ते नऊच्या दरम्यान रक्त देतात. आपल्याकडे अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळ्या सर्रास मिळतात, म्हणजे दोन. बाहेरून मिळालेल्या स्टिरॉइडमुळे निरोगी ग्रंथी रात्रभर गप्प बसते आणि सकाळी कॉर्टिसॉल १.८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली येतं. १.८च्या वर राहिलं, तर गाठ स्वतःच्या मर्जीने हार्मोन सोडते आहे. चेहरा गोल होणं, पोटावर जांभळे पट्टे येणं अशी ठळक लक्षणं नसतील, तर या अवस्थेला आता सौम्य स्वायत्त कॉर्टिसॉल स्राव म्हणतात. पूर्वीच्या सूचनांत १.८ ते ५ या पट्ट्याला वेगळं, 'कदाचित' असं खातं होतं. २०२३मध्ये ते खातं बंद झालं आणि १.८च्या वरचे सगळे एका छत्राखाली आले.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीत काम करणाऱ्यांनी हे नक्की सांगायला हवं. रात्रपाळी असेल तर शरीराचं घड्याळ उलटं फिरतं आणि ही तपासणी फसवते. दिवसपाळी लागून काही दिवस गेल्यावरच करा. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनीही आकडा खोटा वाढतो. आणखी एक गोष्ट, जी रुग्ण सांगत नाहीत आणि डॉक्टरही कधी कधी विचारत नाहीत: गुडघेदुखीवरची ओळखीच्या कुणीतरी दिलेली पुडी. तिच्यात स्टिरॉइड मिसळलेलं असू शकतं. मग चेहरा सुजतो, साखर वाढते आणि दोष बिचाऱ्या गाठीवर जातो. चेहरा उजळायच्या मलमांचंही तेच. तपासणीआधी जे जे घेता, लावता, ते सगळं डॉक्टरांच्या टेबलावर मांडा.

आता प्रश्न असा की १.८च्या वर आकडा आला म्हणून गाठ काढावी का? गेल्या काही वर्षांतलं सर्वांत रंगतदार संशोधन याच प्रश्नावर झालं आहे.

काढण्याच्या बाजूने पुरावा वाढला आहे. २०२२ साली १,३०५ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दिसलं की सौम्य स्राव अजिबात दुर्मीळ नाही. साधी गाठ असलेल्यांत जवळपास निम्म्यांना तो होता, स्त्रियांत जास्त, आणि अशा लोकांत बीपी आणि मधुमेहाचा भार अधिक. त्याच वर्षी ३,६५६ रुग्णांच्या दुसऱ्या अभ्यासाने मृत्यूचा प्रश्न तपासला. कॉर्टिसॉल जास्त असलेल्यांत मृत्यूचा धोका जास्त निघाला, आणि ६५ वर्षांखालच्या स्त्रियांत तर चौपटीहून अधिक. 'सौम्य' या नावावर विसंबून चालणार नाही, हे तिथे पक्कं झालं. पण हा संबंध आहे. गाठ काढल्याने तो धोका उतरतो, असं त्या अभ्यासाने दाखवलेलं नाही.

ते दाखवायला चिठ्ठी टाकून दोन गट करावे लागतात. फ्रान्स, जर्मनी आणि इटलीतल्या केंद्रांनी ते केलं आणि २०२५ साली निकाल आला. सौम्य स्राव आणि उच्च रक्तदाब असलेले ५२ रुग्ण; अर्ध्यांची गाठ काढली, अर्ध्यांना औषधांवर ठेवलं. वर्षभराने शस्त्रक्रियेच्या गटात जवळजवळ निम्म्यांचा रक्तदाब गोळ्यांशिवाय आटोक्यात होता. औषधांच्या गटात असे मोजकेच होते. फरक मोठा आहे, पण अभ्यास लहान आहे आणि त्यात मोजला तो रक्तदाब. हार्ट अटॅक, लकवा, आयुष्य यांचं उत्तर त्यात नाही.

मग मी दोन्ही पारडी अशी मांडेन. वय पन्नाशीच्या आत, गाठ एकाच बाजूला, बीपीच्या दोन-तीन गोळ्या चालू, साखर वाढती, मणक्यात बारीक फ्रॅक्चर: काढण्याकडे झुका. मणक्यासाठी वेगळा स्कॅन लागत नाही. ज्या सीटीत गाठ दिसली त्याच सीटीत मणके असतात, फक्त ते बघा असं सांगावं लागतं. दुसरीकडे वय ७५, बीपी एका गोळीवर शांत, गाठी दोन्ही बाजूंना, हृदय नाजूक: थांबा आणि बीपी, साखर, हाडं यांवर मन लावून उपचार घ्या. दोन्ही बाजूंना गाठी असल्या की काढणं सोपं राहत नाही, कारण दोन्ही ग्रंथी गेल्या तर जन्मभर स्टिरॉइड घ्यावं लागतं. या दोन टोकांच्या मधले बहुतेक लोक असतात. त्यांच्यासाठी सक्तीचं उत्तर अजून नाही, आणि जो डॉक्टर पहिल्याच भेटीत ठामपणे 'काढाच' किंवा 'काहीच नाही' म्हणतो, त्याच्यानंतर दुसऱ्याचं मत घ्यावं.

कॉर्टिसॉल कमी करणाऱ्या गोळ्यांचाही अभ्यास चालू आहे. मेटिरापोन संध्याकाळी आणि रात्री देऊन रात्रीचं कॉर्टिसॉल खाली आणण्याचा प्रयोग ब्रिटनमध्ये झाला. कल्पना चांगली आहे, पण सौम्य स्रावासाठी ती रोजच्या वापरात आलेली नाही. सध्या तिला पर्याय म्हणून मोजू नका.

अल्डोस्टेरॉन: गोळी विरुद्ध दुर्बिणीचं ऑपरेशन

इथे दोन्ही पर्याय खरे आहेत, म्हणून इथे वेळ द्या. अल्डोस्टेरॉन जास्त झालं की शरीर मीठ धरून ठेवतं, पोटॅशियम लघवीतून जातं आणि बीपी चढतं. जेरोम कॉन यांनी १९५५ साली हे पहिल्यांदा वर्णन केलं. कित्येक दशकं तो दुर्मीळ आजार मानला गेला. आता बीपीच्या रुग्णांत तो इतक्या वेळा सापडतो की २०२५ साली एंडोक्राइन सोसायटी या हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनेने सुचवलं, उच्च रक्तदाब असलेल्या प्रत्येकाची एकदा अल्डोस्टेरॉन आणि रेनिनची (किडनीतून येणारं, अल्डोस्टेरॉनला चालना देणारं द्रव्य; या आजारात ते दबलेलं असतं) तपासणी करावी. गाठ असेल आणि बीपीही असेल, तर ही तपासणी टाळण्यासारखी नाहीच.

तपासणीच्या दिवसांत मीठ एकदम तोडू नका. मीठ तोडलं की रेनिन वर येतं आणि आजार लपतो. 'बीपी आहे म्हणून महिनाभर अळणी खातोय' हे कौतुक म्हणून सांगितलं जातं, पण या तपासणीला ते मारक आहे. पोटॅशियम कमी असेल तर आधी भरून काढावं लागतं. आणि रेनिनचा नमुना बर्फात ठेवायचा नसतो, थंडीत रेनिन खोटं वाढतं. अशा तपासण्यांचे नमुने बऱ्याचदा बाहेरगावच्या मोठ्या लॅबला जातात, तेव्हा रक्त घेणाऱ्याला हे विचारण्यात संकोच कसला?

आजार ठरला की प्रश्न येतो बाजूचा. गाठ डावीकडे दिसते म्हणून जास्तीचा हार्मोनही डावीकडूनच येतो असं नाही. ती गाठ गप्प आणि दोन्ही ग्रंथी मिळून उद्योगी, असंही असतं. मग दोन्ही ॲड्रिनल शिरांतून रक्त घेऊन तुलना करतात. उजवी शीर आखूड, बारीक आणि थेट मोठ्या शिरेत उघडणारी, म्हणून हे काम हात बसलेल्यालाच जमतं. पस्तिशीच्या आतला रुग्ण, पोटॅशियम आपोआप घसरलेलं, हार्मोन खूप जास्त आणि सीटीवर एकाच बाजूला स्पष्ट गाठ, अशांना २०१६च्या सूचनांनी ही तपासणी गाळायची मुभा दिली आहे. बाकीच्यांनी ती न करता ऑपरेशनला होकार देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नाशिकहून मुंबईची फेरी करायचीच असेल तर ती यासाठी करावी. जिथे ही तपासणी नेमाने होते असं केंद्र शोधावं.

या टोचाटोचीला पर्याय शोधणं हा सध्याचा मोठा प्रवाह आहे. ब्रिटनमध्ये १४३ रुग्णांवर मेटोमिडेट पेट स्कॅन (ॲड्रिनलमध्ये जाऊन बसणारं किरणोत्सारी द्रव्य देऊन काढलेला स्कॅन) आणि शिरेतली तपासणी यांची तुलना झाली, २०२३ साली निकाल आला. निदान करण्यात स्कॅन मागे पडला नाही. पण त्यातला किरणोत्सारी कार्बन वीस मिनिटांत निम्मा होतो. तो तयार करणारा सायक्लोट्रॉन जवळपासच हवा, म्हणजे हा स्कॅन लवकर आपल्या गावी येणार नाही. फ्लोरिनवर आधारलेली, जास्त काळ टिकणारी द्रव्यं पुढच्या रांगेत आहेत.

आता तुलना. एकाच बाजूची गाठ असलेल्या ७०५ रुग्णांचे निकाल २०१७ साली एका आंतरराष्ट्रीय गटाने समान निकषांवर मोजले. ऑपरेशननंतर हार्मोन ९४ टक्के लोकांत पूर्ण सुधारले. बीपीच्या सगळ्या गोळ्या मात्र फक्त ३७ टक्क्यांच्या सुटल्या. आणखी ४७ टक्क्यांना बीपी किंवा गोळ्यांत ठळक सुधारणा झाली. तरुण रुग्णांत आणि स्त्रियांत निकाल चांगला. वीस वर्षं बीपी मुरलेला असेल, तर गाठ गेली तरी रक्तवाहिन्यांचं कडकपण जात नाही. सर्जन 'ऑपरेशननंतर बीपीची गोळी बंद' म्हणत असतील, तर त्यांना तुमचं वय आणि बीपीची वर्षं पुन्हा सांगा.

गोळीची बाजूही कमी नाही. स्पायरोनोलॅक्टोन स्वस्त आहे, कुठल्याही मेडिकलवर मिळतं आणि दोन्ही बाजूंचा आजार असेल तर तोच मुख्य उपाय. पुरुषांत छाती वाढणं आणि दुखणं, स्त्रियांत पाळी अनियमित होणं हे त्याचे त्रास. एप्लेरेनोनला ते कमी, पण किंमत जास्त आणि जोर थोडा कमी. दोन्हींवर पोटॅशियम आणि किडनीची तपासणी लागते, विशेषतः वय झालेल्यांची. गोळीच्या बाबतीत २०१८ साली एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. गोळी चालू असूनही रेनिन दबलेलंच राहिलं, तर हृदयविकाराचा धोका साध्या बीपीवाल्यांपेक्षा जास्त राहतो. रेनिन वर आलं, तर तो फरक दिसत नाही. म्हणजे गोळीवर राहायचं ठरवलं तर 'बीपी १३० आहे, छान' एवढ्यावर थांबू नका. काही महिन्यांनी रेनिन पुन्हा मोजा आणि ते दबलेलं असेल तर डोस वाढवण्याबद्दल विचारा.

त्यामुळे वय कमी, आजार एका बाजूचा, बीपी अलीकडचं, पोटॅशियम सारखं घसरतं: ऑपरेशनचं पारडं जड. दोन्ही बाजूंचा आजार, किंवा ऑपरेशनची तयारी नाही: गोळी, पण रेनिनवर नजर ठेवून घेतलेली गोळी.

तिसरी वाट उघडते आहे. एंडोस्कोप जठरात नेऊन, तिथून सोनोग्राफीच्या मदतीने डाव्या ॲड्रिनलमधली गाठ सुईने जाळायची. ब्रिटनमध्ये २८ रुग्णांवर हे करून बघितलं आणि २०२५ साली ते प्रसिद्ध झालं. पोटावर छेद नाही, ग्रंथी शाबूत. उजवी गाठ मात्र या वाटेने गाठता येत नाही, आणि इतक्या कमी लोकांवरच्या अनुभवावर आज निर्णय टांगू नये. अल्डोस्टेरॉन तयार होण्याआधीच अडवणारी बॅक्सड्रोस्टॅटसारखी औषधंही आली आहेत, पण त्यांचे मोठे अभ्यास दाद न देणाऱ्या बीपीवर झाले आहेत, गाठीवर नाहीत.

या गाठी मुळात का होतात, याचा उलगडा २०११पासून होतो आहे. केसीएनजे५ या जनुकातला बदल अल्डोस्टेरॉनच्या गाठीत सापडला. तो गाठीच्या पेशींपुरता असतो, वारशाने आलेला नसतो. पूर्व आशियातल्या रुग्णांत त्याचं प्रमाण युरोपपेक्षा बरंच जास्त. २०१४ साली कॉर्टिसॉलच्या गाठींत पीआरकेएसीए जनुकातला बदल सापडला. रुग्णाच्या निर्णयात याचा अजून फारसा उपयोग नाही, पुढे होईल.

ॲड्रेनॅलिन सोडणारी गाठ: इथे निवड नाही

डोकं ठणकणं, घाम सुटणं, छातीत धडधडणं, आणि हे झटक्याझटक्याने येणं, म्हणजे फिओक्रोमोसायटोमाची, थोडक्यात फिओची, शंका. घनता १०च्या वर असेल तर लक्षणं नसली तरी मेटानेफ्रिनची (ॲड्रेनॅलिनपासून शरीरात तयार होणारं द्रव्य) तपासणी करावी. रक्तावर करायची असेल तर वीस-तीस मिनिटं आडवं पडून राहिल्यावर सुई टोचायची; धावतपळत येऊन रक्त दिलं की आकडा फुगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात २०१७पासून या गाठीला 'साधी' म्हणणंच सोडून दिलं आहे, कारण कोणती पसरेल हे आधी खात्रीने सांगता येत नाही. ती काढायचीच. पण आधी साधारण एक ते दोन आठवडे अल्फा ब्लॉकर (रक्तवाहिन्या सैल करणारं औषध), भरपूर पाणी आणि मीठ, मग ऑपरेशन. तयारीशिवाय भूल दिली, किंवा मेटानेफ्रिन न बघता गाठीत सुई घातली, तर बीपी जीवघेणं उसळू शकतं. तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास रुग्णांत आजार वारशाने आलेला असतो, म्हणून जनुकीय तपासणीबद्दल विचारा. भावंडांचा आणि मुलांचाही प्रश्न असतो.

कुठून काढायची, कुणी काढायची

दुर्बिणीतून ॲड्रिनल काढण्याची पद्धत १९९२ साली मिशेल गान्ये यांनी जगापुढे ठेवली. सहा सेंटिमीटरपर्यंतच्या, आजूबाजूला न घुसलेल्या गाठीसाठी आज तीच वाट आहे. पोटातून जायचं की पाठीतून, हा पुढचा प्रश्न. पाठीतून थेट ग्रंथीपर्यंत जाण्याची पद्धत जर्मनीतल्या मार्टिन वाल्झ यांनी रुळवली. पोलंडमधल्या ६५ रुग्णांच्या चाचणीत पाठीतून केलेल्यांना दुखणं कमी, वेळ कमी आणि छेदाच्या जागी हर्नियाही कमी निघाला. आधी पोटाची ऑपरेशनं झालेली असतील तर पाठीची वाट जास्त सोयीची. खूप स्थूल माणूस किंवा मोठी गाठ असेल तर पोटातून. रोबोट वापरला म्हणून लहान, साध्या गाठीत निकाल उजळतो असं दिसत नाही, बिल मात्र उजळतं.

पद्धतीपेक्षा हात महत्त्वाचा. अमेरिकेतल्या २०१७च्या एका अभ्यासात वर्षाला किमान सहा ॲड्रिनल ऑपरेशनं करणाऱ्या सर्जनांच्या रुग्णांत गुंतागुंत कमी आढळली. सहा हा आकडा लहान वाटतो, पण हे ऑपरेशनच कमी होतं. म्हणून सरळ विचारा, 'डॉक्टर, वर्षाला अशा किती गाठी तुम्ही काढता?' चांगला सर्जन रागावत नाही. युरॉलॉजिस्ट काढतो की जनरल सर्जन, हा मुद्दा दुय्यम. पण सोबत हार्मोनतज्ज्ञ हवा, आणि फिओ असेल तर असं ऑपरेशन हाताळलेला भूलतज्ज्ञ हवाच.

नाशिक की मुंबई

रक्तलघवीच्या तपासण्या, प्लेन सीटी, हार्मोनतज्ज्ञाची भेट हे सगळं इथे करा. डेक्सामेथासोनची तपासणी तर इथेच करा, कारण सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने निघून मुंबईत आठला रक्त देणं शक्यच नाही. साधी, एका बाजूची, लहान गाठ अनुभवी हाताकडून नाशिकमध्ये काढून घ्यायलाही हरकत नाही; घरचा डबा, घरची माणसं जवळ. शिरेतली तपासणी, फिओ, मोठी किंवा संशयास्पद गाठ, दोन्ही बाजूंचा आजार, तिशीच्या आतला रुग्ण, यांच्यासाठी कसारा घाट उतरून मुंबई गाठावी. जनआरोग्य योजनेत बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला कागदपत्रांसह आधीच विचारा; ऑपरेशनच्या आदल्या दिवशी विचारून उपयोग नसतो.

दिंडोरी-निफाडकडचे द्राक्षवाले हमखास विचारतात, 'काढणी उरकू का आधी?' अल्डोस्टेरॉन किंवा सौम्य कॉर्टिसॉल असेल आणि बीपी, पोटॅशियम गोळ्यांवर आटोक्यात असेल, तर उरका; दोन-तीन महिन्यांनी बिघडत नाही. फिओ असेल किंवा घनता २०च्या वर असलेली मोठी गाठ असेल, तर बाग भावावर सोपवून या. आणि कॉर्टिसॉलची गाठ काढल्यावर पहिले काही आठवडे, कधी महिने, हायड्रोकॉर्टिसोनची गोळी लागते, कारण दुसरी ग्रंथी इतके दिवस निवांत बसलेली असते. ती जागी होईपर्यंत गोळी चुकवायची नाही, ताप आला तर डॉक्टरांना विचारून डोस वाढवायचा, आणि 'स्टिरॉइड चालू आहे' असं लिहिलेली चिठ्ठी पाकिटात ठेवायची.